टीडीएस ३४० आला, म्हणून ओगोनी खोटे?

रावपुरा_कट्टा: 'दांडियाबाजार' यांची कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे नायजेरियाचे ओगोनी आणि इक्वेडोरचे वाओरानी या आदिवासींचं तेलविरोधी आंदोलन परदेशी पैशावरचं नाटक, कारण त्यांच्याही होड्यांना पेट्रोलचं इंजिन असतं. आणि आपल्या वडोदऱ्याजवळ कोयलीत १९६५ पासून रिफायनरी आहे, तरी बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३४०, मग बिघडलं काय?

होड्यांचं सोडा. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, म्हणजे क्षार. पेट्रोलमधल्या कर्करोगकारक बेन्झिनला विद्युतभारच नाही, ते मीटरला दिसणार कसं? संयुक्त राष्ट्रांच्या २०११च्या अहवालात ओगोनीतल्या न्सिसिओकेन ओगाले गावच्या विहिरींत बेन्झिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट निघालं. मर्यादा किती? लिटरला १० मायक्रोग्रॅम.

दांडियाबाजार: ९०० पट, ९०० पट! पुढचं का गाळलंत? त्या विहिरी तेलविहिरीशेजारी नाहीत, नायजेरियाच्या सरकारी कंपनीच्या पाइपलाइनजवळ आहेत. भूजलावर आठ सेंमीचा थर होता तो शुद्ध केलेल्या तेलाचा. शिवाय चोरीच्या तेलाच्या भट्ट्या झाडीत कोण लावतं? आणि इक्वेडोरचं यासुनी जंगल: २० ऑगस्ट २०२३च्या सार्वमतात देशात सुमारे ५९ टक्क्यांनी 'तेल जमिनीतच राहू द्या' म्हटलं, पण जिथे ते तेल निघतं त्या ओरेलाना प्रांताने उलट मत दिलं. राजधानी कीटोत बसून जंगल वाचवणं सोपं असतं हो.

मांजलपूर_पूर्व: पाइपलाइन मान्य, भट्ट्याही मान्य. पण शेल या तेल कंपनीने १९९३ला ओगोनीतून गाशा गुंडाळला तेव्हा मागे राहिलेलं कोणाचं? सफाई म्हणजे काय, तर वरची माती नांगरून खत टाकायचं आणि जंतूंच्या भरवशावर सोडायचं. तेल पाच मीटरच्या खाली उतरलेलं असताना! खाली ना हवा, ना नांगर. आणि १० नोव्हेंबर १९९५ला ओगोनींचे नेते केन सारो-विवांसह नऊ जणांना फासावर चढवलं, तेही नाटकच ना? वाओरानींचा २०१९चा निकाल यासुनीच्या मतदानापेक्षा वेगळा आहे. इक्वेडोरच्या पास्तासा प्रांतात त्यांना नीट न विचारताच त्यांची जमीन तेलासाठी लिलावात काढली होती, हे कोर्टाने मान्य केलं.

फतेगंज_९: सगळे नायजेरियात फिरून आलात? इथून सारोद गावाकडे जाणारा सांडपाण्याचा कालवा १९८३ पासून वाहतोय. त्यावर धागा काढला की उत्तरं दोन, त्यातलं एक 'सहमत'!

प्रतापनगर_लॅब: काका, कालव्याला वेगळा धागा काढा. मुद्दा पाण्याच्या नमुन्याचा आहे आणि तिथेच सगळे फसतात. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत अर्धा लिटर भरून आणतात. वरची मोकळी हवा बेन्झिन ओढून घेते, अहवाल 'आढळले नाही', आणि इकडे पोस्ट पडते.

४० मिलीची काचेची कुपी घ्या, झाकणाला टेफ्लॉनची चकती असलेली. आधी पंप चालवून पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या. मग धार बारीक करून कुपी काठोकाठ भरा, वर पाण्याचा फुगवटा दिसेपर्यंत, आणि झाकण लावून उलटी करा. वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी फेका. हायड्रोक्लोरिक आम्ल लॅबवालेच आधी घालून देतात, म्हणून कुपी विसळायची नाही. पुढे बर्फात चार अंशांवर, १४ दिवसांच्या आत लॅबच्या जीसी-एमएस यंत्रावर, जे बेन्झिन ओळखून मोजतं. डिझेल पंप चालू असेल तर धुराच्या दिशेने उभं राहू नका, त्या धुरातही बेन्झिन असतं. आणि पेट्रोल भरलेल्या हातांनी हातमोजे घालणारे तर... जाऊ दे.

दांडियाबाजार: एवढा खटाटोप ओगोनीत कोणी केला असेल?

प्रतापनगर_लॅब: अहो, संयुक्त राष्ट्रांचा अहवाल नमुन्यांवरच उभा आहे. तुमची ती पाइपलाइनही त्यातच सापडली!

दांडियाबाजार: बरं, मीटरचं मागे घेतो. नाटकाचं नाही. आणि यासुनीच्या तेलविहिरी बंद करायला वर्षाची मुदत होती, सरकार आता २०२९ म्हणतंय, ते कोणाचं नाटक?

मांजलपूर_पूर्व: सरकारचं. ज्यांनी मत दिलं त्यांचं नाही.

प्रतापनगर_लॅब: प्रत्येक बोअरच्या कुप्या दोन भरा. एक बर्फात तडकतेच.