शब्दचर्चा: 'चांगलं चायनीज' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न:
नोकरीनिमित्त परदेशात राहायला येऊन तीन वर्षं होत आली. आल्या आल्या एका सहकाऱ्याला विचारलं होतं, "इथे चांगलं चायनीज हॉटेल कुठलं?" त्याला वाटलं, मी राहायची सोय शोधतेय. तो घोळ लगेच निस्तरला, पण 'चांगलं' या शब्दाचा घोळ अजून सुटलेला नाही. त्याने सांगितलेल्या ठिकाणी सगळं लालसर, आंबटगोड, एकाच चवीचं आलं. शेजारच्या टेबलावर मात्र एक चिनी कुटुंब वाफवलेला अख्खा मासा खात होतं. वर आल्याचे केसासारखे बारीक काप आणि पातीचा कांदा. स्वयंपाकघर तेच, आचारी तोच! मग मला हवं होतं त्याला काय म्हणायचं? अस्सल? खरं? आणि 'चिनी' म्हणावं की 'चायनीज'?

प्रतिसाद:
आधी सोपं घेऊ. चीन या नामावरून विशेषण होताना पहिला स्वर ऱ्हस्व होतो, म्हणून 'चिनी'. चिनी माती, चिनी भाषा, चिनी रेशीम. 'चायनीज' मात्र मराठीत विशेषण राहिलेलंच नाही, ते खाण्याचं नाव झालंय. 'आज चायनीज खाऊ' म्हणताना पुढे 'जेवण' जोडावं लागत नाही. मला हा फरक कामाचा वाटतो. परदेशी गिऱ्हाइकासाठी घडलेलं ते चायनीज, आणि चिनी घरांत शिजतं ते चिनी जेवण. तुम्हाला त्या दिवशी दुसरं हवं होतं.

'अस्सल'बद्दल मी सावध असतो. अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ. पण मूळ कुठलं? चिनी पाकपरंपरेत आठ प्रमुख शैली मानतात: शान्दोंग, सिचुआन, ग्वांगदोंग, ज्यांगसू, फूज्येन, चज्यांग, हूनान, आनह्वी. ग्वांगदोंगच्या माणसाला हवा ताज्या मासळीचा मूळ स्वाद, सिचुआनच्या माणसाला मिरची. दोघांचंही अस्सलच. अस्सल या अर्थाचा चिनी शब्द आहे 'दी-दाओ', आणि त्यातला 'दी' म्हणजे जमीन. म्हणजे त्यांच्या शब्दातच 'कुठल्या जमिनीचं?' हा प्रश्न दडलेला आहे. आपल्या 'अस्सल'मध्ये तो नाही, म्हणून तो आपण वेगळा विचारायला हवा.

प्रतिसाद:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण 'अस्सल'च्या विरुद्ध लगेच 'नकली' येतं, त्याला माझा आक्षेप आहे. मी काही वर्षं पेरूमध्ये काढली. तिथे चायनीज रेस्टॉरंटला 'चिफा' म्हणतात. हा शब्द आला 'छी फान'वरून: भात खाणे, म्हणजेच जेवणे. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर तिथे नेले गेले. मळ्यांवर राबलेली ती माणसं हाताशी मिळेल त्यात आपलं रांधत राहिली. मोठ्या आचेवर परतलेलं मांस आणि तळलेले बटाटे एकत्र असलेला 'लोमो साल्तादो' हा पदार्थ त्यातूनच आला, आणि आज तो पेरूचा स्वतःचा मानला जातो. त्याला नकली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चांगला चिफा आणि वाईट चिफा असा भेद जरूर करावा, पण तो चिफाच्याच मापाने.

प्रतिसाद:
तुमच्या 'हॉटेल'वरून आठवलं. चिनीतही अगदी हेच होतं! 'फान-द्येन' म्हणजे शब्दशः जेवणाचं दुकान, पण त्याचा अर्थ खाण्याची जागाही होतो आणि राहण्याचीही. त्यामुळे ओशाळू नका.

आता शोधण्याबद्दल. 'चांगलं चायनीज कुठे मिळेल?' असं विचारलं की उत्तर देणारा त्याला स्वतःला जे आवडतं तेच सांगतो. त्याऐवजी प्रांताचं किंवा पदार्थाचं नाव घ्या, जसं सिचुआनचा मापो तोफू, म्हणजे तिखट रश्शातलं सोयाबीनचं पनीर. 'मापो तोफू कुठे चांगला मिळतो?' असं विचारलं की ज्याला ठाऊक आहे तोच बोलतो. दिम सम, म्हणजे वाफवलेले-तळलेले छोटे छोटे पदार्थ, हवं असेल तर कँटनीज (ग्वांगदोंगच्या शैलीचं) ठिकाण शोधा आणि सकाळी किंवा दुपारी जा, कारण ते चहाबरोबरचं खाणं आहे. त्या बैठकीचं नावच 'यम चा', म्हणजे चहा पिणे.

चिनी लिपी येत नसली तरी एक अक्षर ओळखायला शिका: तीन उभ्या रेघा, डावीकडची खाली किंचित बाहेर वळलेली. हे 'छ्वान', अर्थ नदी. पाटीवर ते दिसलं तर बहुधा आत सिचुआनी स्वयंपाक असतो. भिंतीवर हाताने लिहिलेले कागद दिसले तर त्यात काय आहे ते विचारा. छापील यादीत नसलेले पदार्थ पुष्कळदा तिथेच असतात. आणि शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे बोट दाखवून 'ते द्या' म्हणायला मुळीच संकोचू नका.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रेघांची पाटी घरापासून दोन गल्ल्यांवर होती, रोज तिच्यावरून जात होते! काल मापो तोफू घेतला. पहिल्या दोन घासांत नुसता तिखट वाटला. मग ओठांच्या कडा थरथरल्यासारख्या झाल्या, जिभेचं टोक बधिर झालं, आणि वर पाणी प्यायले तर तेही वेगळंच लागलं. वाढणाऱ्या बाईंनी सांगितलं, ही चव 'मा-ला'. 'ला' म्हणजे तिखट, 'मा' म्हणजे बधिर करणारं. 'ला'ला आपल्याकडे झणझणीत आहे. 'मा'ला काय म्हणाल?

प्रतिसाद:
'झिणझिणीत' कसा वाटतो? हातापायाला येतात त्या झिणझिण्या, त्याच इथे ओठांवर. झणझणीत आणि झिणझिणीत, मा-लासारखीच जोडी जमते.

प्रश्नकर्ती:
घेतला! शनिवारी पुन्हा जातेय, तेव्हा त्या बाईंना सांगते.