−५ − ३ चं उत्तर +८? मुलीला कसं समजवायचं

लश्करकर, ग्वाल्हेर
मुलगी सातवीत, शाळा हिंदी माध्यमाची. −५ − ३ चं उत्तर ८ लिहिते. का म्हणून विचारलं की "माइनस माइनस प्लस" असं ठासून सांगते. आणि ४ − (−६) चं मात्र −२! परवा टेस्ट आहे.

खडूफळा
काका, ती गुणाकाराचा नियम इथे लावतेय. ते पालुपद (−५) × (−३) साठी ठेवू द्या. वजाबाकीत त्याचा उपयोग दोन चिन्हं लागून आली तरच, जसं ४ − (−६). −५ − ३ मध्ये दोन चिन्हांच्या मधे ५ बसलाय.

वजाबाकी दिसली की पहिली संख्या तशीच ठेवायची, वजाचं अधिक करायचं आणि दुसरीच्या जागी तिची विरुद्ध संख्या लिहायची:
−५ − ३ = −५ + (−३) = −८
४ − (−६) = ४ + ६ = १०
−४ − (−६) = −४ + ६ = २
मधली पायरी गाळू देऊ नका. तिसऱ्या गणितात पुष्कळ मुलं पहिल्या संख्येचंही चिन्ह बदलतात आणि १० आणतात.

आता बेरीज. चिन्हं सारखी असली तर अंक मिळवून तेच चिन्ह, हे जमतंच. वेगळी असली की घोळ होतो. "मोठ्या संख्येचं चिन्ह द्या" असं शिकवलं, तर −७ + ३ ला मुलं +४ लिहितात, कारण ३ ही −७ पेक्षा मोठीच आहे! त्यापेक्षा विचारा, शून्यापासून लांब कोण? −७. मग ७ − ३ = ४, चिन्ह लांबच्याचं: −४.

बटणांचा डबा
दहा पांढरी, दहा लाल बटणं घ्या. पांढरं +१, लाल −१, दोघांची जोडी म्हणजे शून्य. २ − (−३) साठी ताटलीत २ पांढरी ठेवा. ३ लाल उचलायचीत, पण ताटलीत एकही नाही. मग ३ जोड्या टाका, किंमत बदलत नाही. आता ३ लाल उचला: ५ पांढरी उरतात. मोठ्या आकड्यांना बटणं नकोत, तिथे वरची रीतच बरी.

किल्लेवाला
ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवलेत. शून्यातून ऋण वजा केलं की धन, हाही त्यातलाच. ०  − (−४) बटणांवर करून बघा, चार पांढरी येतील. सुटीत तिला किल्ल्याच्या वाटेवरचं चतुर्भुज मंदिर दाखवा. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेत.

लश्करकर, ग्वाल्हेर
आभार. −८ + ५ − ३ + १० असं लांबलचक आलं तर?

खडूफळा
चिन्ह त्याच्या उजवीकडच्या अंकाचं. पेन्सिलीने दोघांना मिळून गोल करायला सांगा. धन: ५ + १० = १५. ऋण: ८ + ३ = ११. १५ − ११ = ४. ताळा डावीकडून एकेक पाऊल: −८, −३, −६, ४.