मदत हवी आहे : घाट चढताना गाडी गरम होते

रविवारी आई-वडिलांना घेऊन जोतिबाला निघालो होतो. केर्ली सोडून चढ लागला आणि टेंपरेचरचा काटा थेट लाल पट्टीजवळ. एसी बंद केला, हीटर फुल्ल सोडला, तेव्हा काटा जरा खाली आला. बाजूला थांबून इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, बॉनेट उघडलं पण रेडिएटरचं झाकण उघडलं नाही.

गाडी २०१२ ची, पेट्रोल. हायवेवर काटा मध्यावरच असतो. त्रास फक्त चढाला आणि गर्दीत, परवा रंकाळ्याजवळ ट्रॅफिकमध्येही तेच. घरी पाहिलं तर एसी लावला की रेडिएटरचा फॅन फिरतो, पण एसी बंद ठेवून इंजिन तापलं तरी फॅन लागत नाही. म्हणजे मोटर चांगली आहे. मग इंजिनचं तापमान ओळखणारा सेन्सर गेला की फॅनला करंट सोडणारा स्विच, म्हणजे रिले?

दुसरी काळजी जास्त आहे. आठ दिवसांत कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली बोटभर उतरली. खाली थेंब नाही, होसपाईप कोरडे, ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालंय, तिथूनच वाफ जात असेल का? हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) जायची सुरुवात नसेल ना?

उद्यमनगरातले एक मेस्त्री म्हणाले, थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. मला ते पटत नाही, इंजिन कायम थंड चालेल आणि अ‍ॅव्हरेज पडेल.

मल्टीमीटर आहे, सेन्सर घरच्या घरी कसा तपासायचा? कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) नीट करणारं कोल्हापुरात कोणी माहीत आहे का? पुढच्या आठवड्यात वडिलांना तपासणीसाठी पुण्याला न्यायचंय, त्याआधी गाडी खात्रीची हवी.