उत्तर: वाचन मध्येच सुटतं ते कशामुळे

तारखांच्या तक्त्याप्रमाणे जानेवारीत सुरू केलेलं बायबलवाचन फेब्रुवारीत सुटतं ते विश्वास कमी पडल्यामुळे, असं एकाने लिहिलंय. हे पटत नाही. रोज ३ अध्याय धरले तर बायबलच्या पहिल्या दोन पुस्तकांचे, म्हणजे उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०, मिळून ३० दिवस जातात. म्हणजे १ जानेवारीला सुरुवात केलेला माणूस महिनाअखेरीस तिसऱ्या पुस्तकातल्या, लेवीयच्या अर्पणविधींवर येतो, आणि त्याआधीच निर्गमातल्या निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, मापांनी तो थकलेला असतो. शिवाय तक्ता तारखांना बांधलेला! चार दिवस चुकले की १२ अध्यायांची थकबाकी होते, आणि तिच्या ओझ्यानेच पुस्तक मिटतं. म्हणून तारखा सोडा, खूण ठेवा. चुकलेलं भरून काढू नका, आजचं वाचा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्कच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूच्या चरित्राचे, १६ अध्याय आधी घ्यावेत आणि सोबत बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र मोठ्याने म्हणावं. ११९वं मात्र तुकड्यांनी, त्यात १७६ ओव्या आहेत.

इंदूरात राजवाड्याकडची दुकानं आवरून रात्री उशिरा घरी येणाऱ्याला पहाटे पाचचा नेम सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने दुकान उघडण्याआधीची १५ मिनिटं धरावीत, पण वेळ आणि जागा रोज तीच. दानीएल ६:१० पाहा: प्रार्थनेवर बंदीहुकूम निघाल्यावरही दानीएल त्याच खोलीत, दिवसातून तीनदा, पूर्वीसारखाच गुडघे टेकत होता. सवय संकटाच्या आधीची होती. उपासना हिंदीत होत असेल तर रविवारचा उतारा घरी मराठीतून पुन्हा वाचावा, आणि चर्चच्या मंडळीतल्या एकाने दुसऱ्याला रात्री फोनवर एवढंच विचारावं, ‘आज कुठवर आलात?’