शाल-श्रीफळाच्या बजेटचं काय करायचं?

राणे (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. महिला दिनाचं आजच ठरवून टाकू. गेल्या वर्षीप्रमाणे शाल, श्रीफळ, ट्रॉफी, तंबोला आणि अल्पोपाहार धरून कमिटीने १५,००० रुपये बाजूला ठेवलेत. यंदाचा विषय वैद्य बाईंनी सुचवलाय: विज्ञानातल्या स्त्रिया. सत्कारासाठी आपल्याच सोसायटीतली नावं द्या.

इम्रान (सी-२०२): अनघाताई आहेत की. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवाल्या.

राणे: उत्तम. अनघाताई, ८ मार्च, संध्याकाळी ६, स्टेजवर 🙏

अनघा (सी-५०३): राणेकाका, आभार. पण सत्कार नको. स्टेजवर बसायचं, नारळ घ्यायचा, फोटो काढायचा आणि मी नक्की काय काम करते हे कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा मला एक टेबल आणि वीस मिनिटं द्या.

जोशी काकू (बी-३०२): म्हणजे भाषण? अगं, रविवारी संध्याकाळी आपल्याकडे भाषणाला कोण येतं ते मला विचार. गेल्या वर्षी आहारतज्ज्ञ बोलावल्या होत्या. पुढच्या दोन रांगा कमिटीच्या, मागे खुर्च्या मोजत बसलेला मांडववाला.

देशपांडे काका (ए-४०१): माझा मूळ मुद्दाच वेगळा आहे. विज्ञानाला बाई-पुरुष नसतं. झाडावरून पडणाऱ्याला गुरुत्वाकर्षण सारखंच लागतं. ‘महिला वैज्ञानिक’ असं वेगळं पान मांडून आपणच त्यांना कमी लेखतो. त्यापेक्षा २८ फेब्रुवारी तोंडावर आलाय, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. तो दिवस साजरा करा, त्यात सगळे आले.

वैद्य बाई (ए-१०४): देशपांडे, रामन यांचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. जरा मोठं लिहिते, चष्मा लावून वाचा.

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बीएस्सी झालेली कमला भागवत नावाची मुलगी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएस्सीत, संशोधनासाठी अर्ज करते. तिचे वडील आणि काका दोघंही तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे हा अर्ज म्हणजे घरचंच दार ठोठावणं. संचालक सर सी. व्ही. रामन. उत्तर आलं, नाही. कारण एवढंच की ती मुलगी आहे. ती थेट बंगळूरला गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कारण लेखी मागत अडून बसली. काळ गांधीजींचा होता, सत्याग्रह कसा करायचा हे शिकवावं लागत नव्हतं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, कामाबद्दल माझी खात्री पटली तरच पुढचं, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभर तिने दूध, डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केलं आणि खात्री पटवली.

१९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन, असतं हे तिने दाखवलं, सुरुवात बटाट्यापासून. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. लग्नानंतर कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची सख्खी बहीण.

गुरुत्वाकर्षण सारखंच होतं हो. दारावरचा पहारा सारखा नव्हता.

इम्रान: 👏👏

देशपांडे काका: बाई, कथा ठाऊक आहे. पण एवढ्यावरून रामन यांना मोडीत काढायचं आणि तेही त्यांच्याच दिवशी?

वैद्य बाई: मोडीत कोण काढतंय? कमलाबाईंनंतर त्यांनी मुलींना घेतलं, हेही सांगेन की. ॲना मणी त्यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम करत होत्या. प्रबंध तयार होता, पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी दिली नाही. मग त्या लंडनला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ मध्ये कुठे रुजू झाल्या असतील? पुण्यात, हवामान खात्यात. आपण रोज ज्या सिमला ऑफिस चौकात सिग्नलला शिव्या देतो, ते सिमला ऑफिस म्हणजेच हे खातं. पर्जन्यमापक, वायुभारमापक परदेशातून आणायची गरज पडू नये म्हणून त्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले.

चाळीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं मी, आणि पाठ्यपुस्तकात यातलं एक नाव नव्हतं.

साळुंखे (बी-२०४): आज पाणी ४ वाजता जाणार आहे का? टँकर सांगितलाय का कोणी?

राणे: ५ वाजता जाईल. टँकर सांगितलाय. विषय चालू ठेवा.

अनघा: २८ ला मात्र मी नाही. खोडदला त्या दिवसांत विज्ञान प्रदर्शन असतं, आजूबाजूच्या गावांतल्या शाळा येतात, आमची सगळ्यांची तिथे ड्युटी. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी मुलांना घेऊन एकदा याच. नारायणगावहून जवळ.

जोशी काकू: मग १ मार्च, रविवार. ८ मार्चला तशीही अर्धी सोसायटी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला जाते. आणि भाषण नको म्हटलं म्हणजे काहीच नको म्हटलं नाही हं मी. आमची लेक लंडनला आहे ना, तिने मागे फोटो पाठवले होते. ‘सोपबॉक्स सायन्स’ म्हणून असतं. २०११ साली दोन शास्त्रज्ञ बायकांनीच सुरू केलं. थेम्सच्या काठी फिरायला आलेल्या लोकांत या पांढरा कोट घालून पेटीवर उभ्या राहतात आणि आपलं संशोधन सांगतात. माइक नाही, पडदा नाही. थांबावंसं वाटलं तर थांबा, प्रश्न विचारा, नाहीतर आइस्क्रीम खात पुढे जा. पेटीऐवजी आपण स्टूल घेऊ.

इम्रान: काकू, हे भारी आहे.

राणे: माइक नाही हे तर उत्तमच. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू आहेत, स्पीकर लावला तर सी विंगमधले चार पालक माझ्या दारात येतील.

अनघा: मला हेच हवं होतं. मी जाळीचा तुकडा आणते. जीएमआरटीच्या, म्हणजे आमच्या खोडदच्या दुर्बिणीच्या, ३० अँटेना आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. लोकांना वाटतं तेवढा मोठा पत्रा असेल. पत्रा नाहीच, बारीक तारेची जाळी आहे, आरपार दिसतं. आम्ही ज्या रेडिओलहरी पकडतो त्यांची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत. एक-दोन सेंटिमीटरची भोकं त्यांच्या खिजगणतीत नसतात, त्यांच्यासाठी ती सलग भिंतच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. मोबाइल, चाळणी, फॉइल घेऊन पोरांकडून करून घेता येईल.

शीतल (बी-१०१): एक विचारू का? मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी आहे, पण आर्यनच्या वेळेपासून नोकरी सोडली. ‘विज्ञानातल्या स्त्रिया’मध्ये मी बसत नाही बहुतेक. पण भेसळीच्या चाचण्यांचं टेबल मी लावू शकते. कमला सोहोनींनी पुढे ग्राहकांसाठीही काम केलं होतं, बरोबर ना बाई?

वैद्य बाई: अगदी बरोबर. १९६६ मध्ये मुंबईत काही बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली, त्यात त्या होत्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक म्हणून १९६९ ला निवृत्त झाल्या आणि ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. नीरेतल्या पोषणद्रव्यांवरचं कामही त्यांचंच. तू बसत नाहीस तर कोण बसतं? लाव टेबल.

शीतल: मग टिंक्चर आयोडीन लागेल, काचेच्या नळ्या आहेत माझ्याकडे. आधी बटाट्याच्या कापावर एक थेंब, काळा-निळा होतो म्हणजे पिष्ट (स्टार्च) कसं ओळखायचं ते कळलं. मग दूध, खवा, पनीर. डब्यांवर फक्त नंबर टाकायचे, कुठल्या डेअरीचं ते नाही.

जोशी काकू: हो गं बाई, दूधवाला आपलाच आहे.

(तासाभराने)

इम्रान: शीतलताई, इमर्जन्सी. घरी आयोडीन होतं म्हणून करून बघितलं. दूध ठीक. पनीर ठीक. हिंग घोळवला पाण्यात आणि टाकला थेंब, तर शाईसारखा निळा!! अम्मीने दुकानदाराला फोन लावायला घेतलाय. डबा फेकू का?

शीतल: फोन थांबव! 😄 तो बांधानी हिंग असणार. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की डाळीत घालता येणार नाही, म्हणून त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळून विकतात. डब्यामागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाच.

इम्रान: ...लिहिलंय. गव्हाचं पीठ. अम्मी म्हणतात आम्ही इतकी वर्षं पिठाची फोडणी देत होतो.

शीतल: हे टेबलावर घेतेच. निळं झालं म्हणजे भेसळ असं नाही, काय असायला हवं होतं ते आधी माहीत पाहिजे. नुसतं रंग बदलून दाखवलं तर ती जादू झाली.

राणे: छान. आता अल्पोपाहार. उपमा आणि चहा, साधारण दीडशे माणसं. महिला मंडळाने नेहमीप्रमाणे...

वैद्य बाई: थांबा राणे. बायकांचा कार्यक्रम आणि उपमा ढवळायलाही बायकाच? मग स्टुलावर कोण उभं राहणार?

जोशी काकू: मी तर म्हणते, यंदा उपमा देशपांड्यांनी करावा.

देशपांडे काका: उपमा मला येतो. प्रश्न तत्त्वाचा होता.

अनघा: माझंही एक मागणं आहे. पोरांना सांभाळायला क्लबहाऊसमध्ये दोन माणसं द्या, ४ ते ७. ज्या बायकांनी यावं असं वाटतं त्यांच्या कडेवर नेमकं कोणीतरी असतं. एका हाताने पोर धरून दुसऱ्या हाताने आयोडीन टाकता येत नाही. माझी एक सीनियर वाशीत राहून संशोधन करायची. तिथे इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन म्हणून संस्था आहे, १९७३ पासूनची, शास्त्रज्ञ बायकांनीच काढलेली. व्याख्यानं वगैरे घेतातच, पण त्यांनी नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही चालवलं. कोणाला काय अडतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यांचंच अडलेलं होतं.

वैद्य बाई: म्हणूनच मला त्या शाल-श्रीफळाचा कंटाळा आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, कमलाबाईंना सत्काराला दिल्लीला बोलावलं तेव्हा त्यांची ऐंशी उलटून गेली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. मान द्या, नाही म्हणत नाही. पण वेळेवर टेबल द्या.

राणे: मग १५,००० चं काय? शाल-ट्रॉफी काढली तर बरेच उरतात. पुढच्या वर्षी कमिटी म्हणेल, वापरले नाहीत, कमी करा.

शीतल: एक साधा मायक्रोस्कोप येईल. क्लबहाऊसमध्ये ठेवू. बाहेर कुंडीत साचलेल्या पाण्याचा एक थेंब खाली ठेवला की पोरं पुन्हा टीव्ही मागणार नाहीत.

साळुंखे: कुंडीत पाणी साचू देऊ नका, डास होतात. नोटीस लागली आहे.

जोशी काकू: मायक्रोस्कोपला माझं अनुमोदन. चावी वैद्य बाईंकडे राहील. क्लबहाऊसचा कॅरम कसा गेला ते आठवतं ना सगळ्यांना?

देशपांडे काका: अनुमोदन. आणि मुलं मी सांभाळतो, साळुंखेंना बरोबर घेतो. ‘वैज्ञानिक’ आणि ‘महिला वैज्ञानिक’ यावरचं माझं मत मात्र तसंच आहे, नोंद असावी.

वैद्य बाई: नोंद केली.

अनघा: शीतल, वेगळा मेसेज केलाय. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना आहे, त्यात मध्ये खंड पडलेल्या बायकांसाठीही फेलोशिप असतात. बायोडेटा पाठव, रविवारी बसून बघू. नाही जमलं तरी बघायला काय जातंय.

शीतल: बायोडेटा शेवटचा कधी उघडला तेच आठवत नाही. पाठवते.

राणे: तर फायनल. १ मार्च, रविवार, ४ ते ७, बी विंगसमोरचं आवार. स्टूल १: अनघाताई, जाळी. स्टूल २: शीतलताई, भेसळ. स्टूल ३: वैद्य बाई, कमला सोहोनी आणि ॲना मणी. उपमा: देशपांडे काका आणि इम्रान. पोस्टर टाकतोय.

(फोटो)

जोशी काकू: राणे, हे गुलाबी काय आहे? आणि रॉकेटला मोगऱ्याचा गजरा का घातलाय?

राणे: तयार टेम्प्लेट होतं.

अनघा: काका, गजरा काढा, रॉकेटही काढा. आमच्यापैकी कोणीच रॉकेटवर काम करत नाही.

राणे: बदलतो. तीन भक्कम लाकडी स्टुलं कोणाकडे आहेत? प्लॅस्टिकची नकोत.

देशपांडे काका: एक माझ्याकडे आहे, सागवानी. पण त्यावर जो कागद लावाल त्यावर फक्त ‘वैज्ञानिक’ लिहायचं.

जोशी काकू: लिहा हो. आधी त्याचा मागचा पाय ठोकून घ्या, गणपतीत डुगडुगत होता.