पर्माफ्रॉस्ट वितळतं तेव्हा पाण्याचं काय होतं?

पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, वितळण्याची चर्चा निघाली की सगळ्यांचा भर त्यातून सुटणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या मिथेन वायूवर असतो आणि तो रास्तच आहे. या गोठलेल्या जमिनीतला कार्बन वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट आहे. पण भूजलाचा मुद्दा राहून जातो. पर्माफ्रॉस्ट पाणी मुरू देत नाही, म्हणून पृथ्वीच्या अगदी उत्तरेकडच्या भागात पाऊस बेताचा असूनही तळी, दलदली टिकतात. ते वितळलं की पाणी खाली झिरपतं, काही तळी आटतात, आणि नद्यांना ऐन हिवाळ्यात भूजल मिळू लागतं. अलास्कातल्या ब्रुक्स पर्वतरांगेत तर नितळ ओढे नारिंगी झालेत. हजारो वर्षं बर्फात बंद असलेल्या लोह-गंधकाच्या खनिजापर्यंत हवा-पाणी पोचलं, आम्ल तयार झालं आणि धातू प्रवाहात उतरले. कोबुक खोऱ्यातल्या सॅमन नदीची हीच गत आहे. तिथले मूळनिवासी इन्युपियाट लोक नद्यांतल्या माशांवर जगतात. मला सगळ्यात जास्त घोर त्याचा लागतो.