मदत हवी आहे: बाबांना स्क्रब टायफस, कुत्र्याला गोचीड ताप. कुत्र्यामुळेच झालं का?

धानपट्टा:
नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर आणि पशुवैद्य दोघंही येत असतात म्हणून इथेच विचारते.

गाव भंडारा जिल्ह्यात, घरची धानाची शेती. गेल्या महिन्यात बाबांना सडकून ताप आला. अंग मोडून आलेलं, डोकं ठणकतंय, डोळे लाल. गावात विडाल करून टायफॉइड म्हणून इंजेक्शनं दिली, ताप हटेना. तालुक्याला प्लेटलेट्स कमी दिसल्या तेव्हा डेंग्यू म्हणाले, पण ती तपासणी निगेटिव्ह. शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाबांना सदरा काढायला लावला, करगोटा वर सरकवला आणि त्याच्याखाली टॉर्च मारला. नखापेक्षा लहान काळी खपली, भोवती लालसर कडं, विडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे बाबांना तिचा पत्ताच नव्हता. लगेच डॉक्सीसायक्लिन सुरू केलं आणि ताप झपाट्याने उतरला. आयजीएम एलायझा या रक्ततपासणीचा रिपोर्ट नंतर आला: स्क्रब टायफस.

त्याच सुमारास आमच्या शेरूनं खाणं सोडलं. हिरड्या पांढऱ्याफटक, एका सकाळी नाकातून रक्त. पशुवैद्यांनी रक्त तपासून एर्लिकिया, म्हणजे गोचीड ताप, सांगितला आणि त्यालाही डॉक्सीसायक्लिनच दिलं! झालं, घरात महाभारत सुरू. काकांचं म्हणणं, औषध एक म्हणजे रोग एक, कुत्र्याच्या गोचिडांनीच दादाला पाडलं, त्याला जंगलाकडे सोडून या. आई गप्प आहे, म्हणजे तिलाही ते पटलंय.

तर खरंच शेरूकडून झालं का? त्याचा कोर्स संपलाय, खातोपितो, पण किटवरची तपासणी अजून पॉझिटिव्ह येते. पुन्हा गोळ्या द्यायच्या का? आणि गोचीड कितीही काढा, आठवड्यात परत तेवढेच. बाबा त्याच्या कानातले वेचून नखावर चिरडतात, तेही बरोबर आहे का?

कोकणचा_पाहुणा:
ताई, हा माकडताप तर नाही ना? आमच्याकडे दोडामार्ग भागात गोचिडांमुळेच पसरला होता.

एमडी_मेडिसिन:
नाही. माकडताप विषाणूचा, त्यावर डॉक्सीसायक्लिनचा काही उपयोग नाही. ताईंच्या बाबांचा ताप गोळीनं उतरला आणि वर खपली सापडली.

काकांना सांगा, शेरू निर्दोष आहे, निदान या खटल्यात तरी. स्क्रब टायफसचा जंतू ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. तो गोचिडातून येत नाही, माइट नावाच्या एका बारीक किड्याच्या पिल्लातून येतो. ते पिल्लू नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतं. एरवी उंदीर-चिचुंद्र्यांना चिकटतं, आयुष्यात साधारण एकदाच, आणि गवतात बसलेला माणूस सापडला तर त्यालाही. माइटची मादी हा जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीला देते, त्यामुळे शेताच्या एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तो वर्षानुवर्षं टिकतो. बाबा बैलांसाठी धुऱ्यावरचं गवत कापायला बसतात का? चावल्यावर ताप यायला साधारण सहा ते एकवीस दिवस लागतात, तेवढं मागे जाऊन आठवा. 2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याची साथ आली होती, माणसं दगावली होती.

औषध एक का? दोन्ही जंतू आपल्या पेशीच्या आत शिरून राहतात. पेनिसिलिन किंवा सेफट्रायक्झोनसारखी औषधं जंतूची भिंत बांधू देत नाहीत; या दोघांवर ती चालत नाहीत. तुमच्या गावातली इंजेक्शनं बहुधा त्याच जातीची असावीत. डॉक्सीसायक्लिन पेशीत उतरतं आणि जंतूचं प्रथिन बनवणंच थांबवतं. गरोदर बाईला याऐवजी अझिथ्रोमायसिन देतात. आजार गंभीर असेल तर दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिलेली जास्त चांगली, असं 2023 साली भारतातच झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं.

त्या डॉक्टरबाईंना मात्र मानलं. खपली म्हणजे त्या चाव्याची खूण; ती काखेत, जांघेत, करगोट्याखाली, बायकांच्या स्तनाखालच्या घडीत लपते, आणि आपल्याकडे तापाचा पेशंट कपडे न काढताच तपासला जातो. प्रत्येकाला ती असतेच असंही नाही. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर पाचेक दिवसांहून जास्त ताप राहिला, तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी सुरू करावं, या मताचा मी आहे.

गुरांचा_डॉक्टर:
शेरूचं मी सांगतो. एर्लिकिया कॅनिस तपकिरी गोचिडातून येतो आणि पांढऱ्या पेशींत राहतो. कोर्स अठ्ठावीस दिवसांचा. तो पुरा केला असेल तर किटकडे बघू नका: ते किट अँटिबॉडी दाखवतं, आणि त्या कुत्रा बरा झाल्यावरही कित्येक महिने राहतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिन वर येत असतील तर गोळ्या नकोत. येत नसतील तर बबेशिया हा गोचिडातूनच येणारा दुसरा जंतू सोबत आहे का ते बघायला हवं, त्याचं औषध वेगळं. आणि माणसाच्या उरलेल्या गोळ्या कुत्र्याला अंदाजाने देऊ नका.

गोचीड परत येतात कारण ते कुत्र्यावर कमी आणि तुमच्या घरात जास्त आहेत. हा गोचीड प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली पडतो, भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकतो आणि परत चढतो. मादी हजारांनी अंडी घालते. शेरू झोपतो तिथला पोपडा खरवडून बघा, चौकटीच्या फटीत बघा. भेगा लिंपून घ्या, पोतं उन्हात टाका किंवा जाळा, फवारणी विचारून करा आणि शेरूला गोचिडाची गोळी काही महिने चुकवू नका. गुरांचं आयव्हरमेक्टिन त्याला टोचू नका. गावोगाव टोचतात, आणि कुत्री मरतात.

नखावर चिरडणं आजपासून बंद. हाच गोचीड इंडियन टिक टायफस नावाचा ताप माणसाला देऊ शकतो. जंतू रिकेटशिया कोनोरी, पुरळ तळहात-तळपायांवरही येतं. गोचीड फुटला की ते पाणी बोटाच्या चिरेतून किंवा डोळ्यात जाऊ शकतं. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल-काडी नको. काढलेला स्पिरिटच्या बाटलीत टाका.

धानपट्टा:
तुम्हा दोघांचे खूप आभार. बाबांना विचारलं. हो, धुऱ्यावर गवत कापायला बसले होते, तेही करगोट्यावर नुसतं धोतर नेसून. काकांना सगळं वाचून दाखवलं. "मग गोळी एकच कशी?" हे त्यांनी दोनदा विचारलं, पण शेरूला सोडायचा विषय परत काढला नाही. पोपड्यामागे खरंच रांग लागली होती, किळस आली. एकच विचारायचं राहिलं: धान कापणी तोंडावर आहे, बाबा जाणारच. एकदा झाला म्हणजे आता परत होणार नाही ना?

एमडी_मेडिसिन:
होऊ शकतो. या जंतूचे बरेच प्रकार आहेत, एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर फारशी चालत नाही आणि टिकतही नाही. लस नाही. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, उघड्या कातडीला डास पळवणारं मलम. गवतावर नुसतं टेकू नका, ताडपत्री घ्या. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि साबण लावून, करगोट्याखालीही चोळून आंघोळ. आणि पुन्हा ताप आलाच तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की मागे स्क्रब झाला होता.

गोळ्या अजून उरल्या असतील तर ग्लासभर पाण्यासोबत घ्यायच्या, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर जखम करते.